पाऊण लिटरातली वीज

भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते, घर नागपूरला. वसतिगृहातलं तिचं टेबल जेमतेम तीन फुटांचं, त्यावर ड्रॉइंगचे कागद पसरलेले. पीसी हवा तो त्रिमितीय चित्रं वेगानं रेंडर करणारा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं. आणि सुट्टीत घरी जाताना तो पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला हवा. तिनं दहा लिटरचं एक छोटं अॅल्युमिनियमचं कॅबिनेट हेरलं आणि मला सामानाची यादी पाठवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, सगळं मॉडेल नंबरासकट लिहिलेलं. शेवटच्या ओळीत मात्र एवढंच: ‘एसएमपीएस, ६५० वॅट, कोणताही.’

मी तिला फोन केला. म्हटलं, “शेवटची ओळ उचल आणि सगळ्यात वर लिही.”

“का मामा? तो काय, मागे बसतो आणि करंट देतो.”

मोठ्या टॉवर कॅबिनेटच्या बाबतीत तिचं म्हणणं चाललं असतं. तिथे एसएमपीएससाठी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, ठरलेली ऐसपैस जागा असते आणि बाजारातला जवळपास कोणताही डबा तिथे बसतो. छोट्या पीसीचा हिशेब उलटा चालतो. आत कोणता एसएमपीएस बसणार यावर कॅबिनेटची जाडी, ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरच्या कूलरची उंची हे सगळं ठरतं. २०१६ साली लोकवर्गणीतून बाजारात आलेल्या ७.२ लिटरच्या एका गाजलेल्या जर्मन कॅबिनेटचं नावच ‘डॅन ए४-एसएफएक्स’. त्यातलं एसएफएक्स म्हणजे एसएमपीएसचा आकार. कॅबिनेट बनवणाऱ्यानं आधी एसएमपीएस धरला आणि उरलेली पेटी त्याच्याभोवती रचली, हे त्या नावातच लिहिलेलं आहे.

छोट्या पीसीच्या जगात सगळं लिटरात मोजतात, म्हणून आपणही तसंच मोजू. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हा मानक आकार आणला. त्यातला नेहमीचा एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० खोल असतो. गुणाकार केला की १.८ लिटर होतात. दहा लिटरच्या पेटीत जवळजवळ पाचवा हिस्सा त्यानंच खाल्ला. त्याचा धाकटा भाऊ एसएफएक्स, १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर, भरतो ०.८ लिटर, पाऊण लिटरहून किंचित जास्त. तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीनं हाच डबा ३० मिलिमीटरनं लांब करून एसएफएक्स-एल पुढे आणला. तो इंटेलच्या मूळ नमुन्यात नव्हता, पण रूढ झाला. तो एक लिटर. कार्यालयातल्या बारक्या ब्रँडेड पीसींत दिसणारा लांबुडका टीएफएक्सही एक लिटरच्या आतबाहेर. आणि सर्व्हरच्या जगातून आलेला फ्लेक्स एटीएक्स, ८१.५ बाय ४०.५ बाय १५०, म्हणजे अर्धा लिटर. सकाळी दारात येणारी दुधाची छोटी पिशवी असते ना, तेवढाच.

अर्ध्या लिटरातून पाच-सहाशे वॅट निघतात याचं मला आजही अप्रूप वाटतं. घरातला जुना स्टॅबिलायझर उचलून पाहा, खांदा भरून येतो. ते वजन आतल्या लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचं. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तो ट्रान्सफॉर्मर त्याच संथ लयीत काम करतो. विहिरीवरून पाणी आणायचं आहे आणि खेपा मोजक्याच करायच्या आहेत, तर घागर मोठीच लागणार. पण खेपा हजारपट वाढवल्या तर तांब्यानंही हौद भरेल. एसएमपीएस नेमकं हेच करतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आधी सरळ करून ३८०-३९० व्होल्टच्या आसपास नेतो, मग इलेक्ट्रॉनिक खटक्यांनी तिचे सेकंदाला लाखभर तुकडे पाडतो. एवढ्या घाईच्या खेपांना लोखंडाचा जड गाभा लागत नाही, मुठीत मावणारा फेराइटचा गाभा पुरतो. ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ या पूर्ण नावातलं ‘स्विच्ड मोड’ ते हेच. १९७७ च्या अॅपल टू संगणकात रॉड होल्ट या अभियंत्यानं असाच हलका, पंखा न लागणारा पुरवठा बसवला, म्हणून तो संगणक चपटा आणि सुटसुटीत होऊ शकला. अलीकडे सिलिकॉनच्या जागी गॅलियम नायट्राइडचे खटके आले. ते आणखी वेगानं उघडझाप करतात आणि त्या उघडझापीत कमी तापतात. आज २५० वॅटचे बिनपंख्याचे पुरवठे जेमतेम पाव लिटरात मिळतात ते त्यांच्यामुळे.

आता तिचे ६५० वॅट कुठून आले ते पाहू. तिनं निवडलेलं कार्ड आरटीएक्स ४०७०. त्याच्यासाठी एनव्हिडियानं सुचवलेला आकडा ६५०, तो तिनं तसाच उतरवला. पण कंपनी आकडा सुचवते तो सगळ्यांसाठी: ज्याच्याकडे भुकेला प्रोसेसर आहे त्याच्यासाठी, ज्याच्याकडे सहा हार्ड डिस्क आहेत त्याच्यासाठी, आणि ज्याचा एसएमपीएस लेबलावर लिहिलेलं पूर्ण देऊ शकत नाही त्याच्यासाठीही. आपण आपल्या पेटीपुरता हिशेब मांडावा. कार्ड २०० वॅट. प्रोसेसर रायझन ७ ७७००, पाकिटावर ६५ वॅट लिहिलेला, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. धरायचा तो ८८ चा आकडा. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० धरा. बेरीज ३४० च्या आसपास.

मग ४०० वॅटचा डबा पुरेल का? कागदावर पुरतो, पण आजची ग्राफिक्स कार्डं एकसारखी वीज पीत नाहीत. सेकंदाच्या काही हजारांश भागात त्यांची मागणी सरासरीच्या दुपटीपर्यंत उसळते आणि खाली येते. २०२० नंतरची मोठी कार्डं घेतलेल्या अनेकांचे पीसी खेळता खेळता अचानक बंद पडायचे ते या उसळीमुळे. एसएमपीएसला वाटायचं, भार हाताबाहेर गेला, आणि त्याचं संरक्षण जागं व्हायचं. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात ही गोष्ट लिहून ठेवली गेली: डब्यावरच्या आकड्याच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंदांपुरती आली तर त्यानं ती न डगमगता पुरवली पाहिजे. म्हणून भाचीला मी ६०० वॅटचा, एटीएक्स ३.० पाळणारा एसएफएक्स सांगितला. ३४० च्या भाराला तो साधारण साठ टक्क्यांच्या खालीच चालेल. ८०० चा किंवा हजाराचा घेण्यात तिला काहीच मिळालं नसतं. तेवढे पैसे मी रॅममध्ये घालायला सांगितले.

आकड्यापेक्षा मला चिंता होती ती उष्णतेची. एसएमपीएस जेवढी वीज देतो त्याहून थोडी जास्त भिंतीतून घेतो आणि फरकाची उष्णता करतो. ३४० वॅट देताना कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर ६० वॅट आतच तापतात. ९० टक्के असेल तर ३८. ही २२ वॅटची तफावत मोठ्या टॉवरमध्ये जाणवणारही नाही. पाऊण लिटरच्या डब्यात मात्र पंखा गुणगुणतो की ओरडतो हे तीच ठरवते. म्हणून छोट्या पीसीत गोल्ड किंवा प्लॅटिनमचं लेबल घ्यावं. वीजबिलात होणारी बचत किरकोळ, पण आतली हवा थंड राहते.

हे लेबल देणारी ‘८० प्लस’ योजना २००४ पासून चालू आहे. तिची चाचणी खोलीच्या तापमानाला, २३ अंशांच्या आसपास घेतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-बारा अंश जास्त असतात. त्यामुळे माहितीपत्रकात एक ओळ मुद्दाम शोधावी: पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत मिळतात? काही उत्पादक ४० अंश लिहितात, चांगले ५० लिहितात. जे काहीच लिहीत नाहीत त्यांचा डबा नागपूरला नेऊ नये. दुसरी ओळ कपॅसिटरची. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे ओलसर रसायन भरलेली नळकांडी. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. १०५ अंशांचे कपॅसिटर आणि ८५ अंशांचे कपॅसिटर यांच्या किमतीत काही रुपयांचा फरक असेल, पण छोट्या डब्यात त्या फरकाची वर्षं होतात.

पंख्याचा आकारही पाहावा. एसएफएक्समध्ये बहुधा ९२ मिलिमीटरचा पातळ पंखा असतो, एसएफएक्स-एलमध्ये १२० चा. मोठा पंखा तेवढीच हवा सावकाश ढकलतो, म्हणून शांत. फ्लेक्स एटीएक्समध्ये अवघा ४० मिलिमीटरचा पंखा, आणि भार आला की त्याचा आवाज प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच्या सुसकाऱ्यासारखा तीव्र आणि सलग येतो. ज्या खोलीत दुसरी मुलगी झोपलेली असते तिथे मी तो कधीच सुचवणार नाही. चार लिटरच्या पेटीचा हट्ट असेल तरच त्याच्याकडे जावं. कमी भाराच्या पीसीला आणखी एक वाट आहे. लॅपटॉपसारखा अडॅप्टर बाहेर ठेवायचा आणि आत बोर्डाच्या खाचेत बसणारी, बोटाएवढी पट्टी लावायची. पिको पीएसयू म्हणतात ते हेच. घरच्या फाइल सर्व्हरला ती उत्तम. २०० वॅटच्या कार्डाला ती पुरणार नाही.

आपल्याकडे लाइट जाते. गेली नाही तरी डोळा मारते. एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो, आतल्या भागांत सगळ्यात ठळक दिसणारं काळं नळकांडं. भिंतीतली वीज क्षणभर तुटली तर त्यातल्या साठ्यावर संगणक तग धरतो. एटीएक्स ३.० ची अपेक्षा ८० टक्के भारावर १७ मिलिसेकंदांची आहे. आपल्या विजेचा एक पूर्ण हेलकावा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ एक हेलकावा हुकला तरी पडदा काळा होऊ नये. ६०० वॅटच्या डब्याला ४८० वॅटच्या भारावर एवढा वेळ धरून ठेवायला आठ ज्यूलच्या वर साठा लागतो, आणि साठा म्हणजे जागा. पाऊण लिटरात जागाच नाही, त्यामुळे स्वस्त एसएफएक्समध्ये पहिली कात्री याच नळकांड्याला लागते. वॅट पूर्ण मिळतात, कार्यक्षमतेचं लेबलही मिळतं, पण इन्व्हर्टरवर जाताना पीसी रीस्टार्ट होतो आणि माणूस इन्व्हर्टरवाल्याशी भांडतो. स्वतंत्र परीक्षणांत ‘होल्ड-अप टाइम’चा आकडा दिलेला असतो, तो जरूर वाचावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका आहे का तेही पाहावं. असला तर तो यूपीएसकडे ठेवावा, बदल लवकर होतो. आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असलेला बरा; चौकोनी लाटेवर आजचे काही एसएमपीएस अडखळतात, काही सरळ बंद पडतात.

आता तारा. छोट्या पेटीत खरी झुंज तारांशीच होते. माहितीपत्रकात डब्याची खोली १०० मिलिमीटर लिहिलेली असते, पण मॉड्युलर, म्हणजे सुट्या तारांच्या, एसएमपीएसच्या तोंडावर तारांचे प्लग लागतात आणि तारा लगेच वळत नाहीत. आणखी पंचवीस-तीस मिलिमीटर मोकळे सोडावेच लागतात. एसएफएक्स-एल घेतलात तर हीच मोकळी जागा डब्याच्या लांबीत जाते, म्हणून कॅबिनेटवाला ‘एसएफएक्स-एल चालेल’ म्हणतो तेव्हाही आधी पट्टी घेऊन मोजावं. टॉवरसाठी केलेली बोर्डाची जाड तार ६०० मिलिमीटरची असते. छोट्या पेटीत तिची गुंडाळी करून कोंबली की हवेची वाटच बुजते. चांगल्या एसएफएक्सबरोबर ती निम्म्या लांबीची येते. तारांची लांबी पाकिटावर मागच्या बाजूला लिहिलेली असते आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत.

मीही एकदा एक गोष्ट वाचली नव्हती. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या छोट्या पीसीतला एसएमपीएस बदलायचा होता. जुन्या डब्याच्या तारा पेटीत कोपऱ्याकोपऱ्यातून इतक्या नीट बसवलेल्या होत्या की त्या उपसायचं जिवावर आलं. नव्या डब्याचे प्लग तेच दिसत होते, खटकन बसलेही. बटण दाबलं. पंखे फिरले आणि दुसऱ्याच क्षणी गरम वार्निशचा कडवट वास आला. एसएसडीवरची दाण्याएवढी एक चिप फुटून तिथे पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं. बोट लावलं तर चटका बसला. मल्टिमीटर लावल्यावर कळलं: नव्या डब्यानं ज्या पिनवर १२ व्होल्ट ठेवले होते, त्या पिनवर जुन्या डब्याचे ५ व्होल्ट होते. तारेचं मदरबोर्डाकडचं किंवा डिस्ककडचं टोक जगभर एकसारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही मानक नाही; प्रत्येक कंपनी, कधीकधी एकाच कंपनीची दोन मॉडेलं, पिना आपापल्या मर्जीनं लावतात. प्लग बसतो म्हणजे तार चालते असं नाही. त्या डिस्कवर दोन वर्षांचे फोटो होते. डबा बदलला की त्याच्या सगळ्या तारा बदलायच्या, एकही मागे ठेवायची नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलोय.

ग्राफिक्स कार्डाच्या नव्या सोळा पिनांच्या तारेबद्दलही सांगायला हवं, कारण छोट्या पेटीत तिचा धोका वाढतो. ही एकच बारीक तार ६०० वॅटपर्यंत वाहू शकते. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डांवर तिचे प्लग वितळल्याचे फोटो जगभर फिरले. तपासात पुढे आलेलं एक मोठं कारण साधं होतं: प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. थोडक्या पिनांवर सगळा प्रवाह आला आणि त्या तापल्या. पुढे प्लगची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात खूण देणाऱ्या बारक्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसल्याशिवाय कार्डाला भार घ्यायची परवानगीच मिळत नाही. पण अरुंद पेटीत काचेचं किंवा जाळीचं झाकण त्या तारेला दाबतं, तार प्लगच्या मुळाशीच वळते आणि प्लग एका बाजूनं उचलला जातो. प्लगपासून पहिले ३५ मिलिमीटर तार सरळ राहिली पाहिजे. भाचीच्या पेटीत तेवढी जागा नव्हती, म्हणून आम्ही कार्ड बदललं: तेच ४०७०, पण जुन्या आठ पिनांच्या एका प्लगवर चालणारं. आठ पिनांचा प्लग १५० वॅट देतो, बोर्डाची खाच ७५ देते. २०० ला पुरतं.

पेटी उभी राहिली, चालली. जूनमध्ये भाची वसतिगृहात परतली आणि दोन दिवसांनी फोन आला. “मामा, पीसीला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल काढली की जास्त.”

टेस्टर आहे का विचारलं. मेसच्या काकांकडून तिनं आणला, कॅबिनेटच्या स्क्रूला टेकवला. पेटला. रंग लावलेल्या पत्र्याच्या कॅबिनेटवर हे लपून राहतं, उघड्या अॅल्युमिनियमवर बोटाला लगेच कळतं. दोष एसएमपीएसचा नव्हता. विजेतला कलकलाट बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक एसएमपीएसमध्ये दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेला, एक न्यूट्रलपासून. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर साधारण ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह फार थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच लोंबकळणाऱ्या पत्र्यावर एचडीएमआयची तार लावता-काढताना बोर्डाचा पोर्ट जाऊ शकतो, आणि एसएमपीएसच्या आत कधी फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर वाचवणारं काहीच उरत नाही.

मी तिला सॉकेटमधलं वरचं मोठं भोक दाखवायला सांगितलं. व्हिडिओ कॉलवर तिनं फोन जवळ नेला. पांढरा प्लास्टिकचा तीन भोकांचा सॉकेट, नवाकोरा. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्यानं प्लेट उघडली. लाल तार होती, काळी तार होती. वरच्या भोकाच्या मागच्या स्क्रूला काहीच जोडलेलं नव्हतं. हिरवी तार भिंतीतल्या पेटीत गुंडाळून ठेवलेली होती, टोकाला इन्सुलेशन टेप लावून. त्यानं टेप काढली, तार सोलली, स्क्रूखाली घेतली आणि मग वसतिगृहाच्या त्या मजल्यावरचे उरलेले अकरा सॉकेटही उघडून पाहिले. सातांत हिरवी तार तशीच गुंडाळलेली निघाली.